टेनिसमधला सर्वश्रेष्ठ कोण? माझा निकष: दुसऱ्याच्या अंगणातला विजय

पासिंग_शॉट

ग्रँड स्लॅम विजेतेपदं: जोकोविच २४, नदाल २२, फेडरर २०. हे तीन आकडे मांडले की वाद मिटला, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. मी स्वतः जोकोविचलाच सर्वांत मोठा मानतो, पण या हिशेबाने नाही. पीट सॅम्प्रसने २००२ मध्ये अमेरिकन ओपन जिंकून १४ वं ग्रँड स्लॅम मिळवलं, तेव्हा हा विक्रम आता कुणाला गाठता यायचा नाही असं धरून चाललो होतो. सातच वर्षांत फेडररने तो मोडला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत नदाल आणि जोकोविचही पुढे गेले. उद्या कुणी २५ जिंकली, तर आज २४ वाला लहान होणार का?

म्हणून मी वेगळं मोजतो. प्रत्येक मोठ्या खेळाडूचं एक अंगण असतं. नदालचं पॅरिस (फ्रेंच ओपन, मातीचं कोर्ट), फेडररचं विम्बल्डन (गवत, म्हणजे हिरवळ), जोकोविचचं मेलबर्न (ऑस्ट्रेलियन ओपन, हार्ड कोर्ट). आपल्या अंगणात राज्य करणं ही मोठीच गोष्ट आहे. पण दुसऱ्याच्या अंगणात जाऊन, तो समोर उभा असताना, त्याला हरवून कोण आलं?

हिशेब असा लागतो. फेडरर पॅरिसमध्ये नदालशी सहा वेळा खेळला, सहाही वेळा हरला. नदाल मेलबर्नला जोकोविचशी दोन फायनल खेळला, २०१२ ची आणि २०१९ ची. दोन्ही गेल्या. पहिली ५ तास ५३ मिनिटं चालली. बक्षीस समारंभात दोघांना उभं राहवेना, शेवटी खुर्च्या आणून दिल्या. नदालने विम्बल्डनला फेडररला हरवलं ते एकदाच, २००८ च्या फायनलमध्ये, आणि त्या एका विजयाला माझ्या लेखी फार मोठी किंमत आहे.

आता जोकोविच. विम्बल्डनच्या फायनलमध्ये फेडररला तीनदा हरवलं: २०१४, २०१५, २०१९. पॅरिसमध्ये नदाल ११६ सामने खेळला आणि फक्त चार हरला. त्या चारांतले दोन जोकोविचकडून, २०१५ ची उपांत्यपूर्व फेरी आणि २०२१ ची उपांत्य फेरी. दोघांच्याही घरात शिरून जिंकलेला तो एकटाच. माझ्यासाठी प्रश्न इथे सुटतो.

मुद्दा पटत नसेल तर जरूर खोडा. पण 'कुणाचा खेळ बघायला छान' हा वाद इथे नको, तो वेगळा विषय आहे.

हिरवळ

शेवटची अट मला मान्य नाही, पण ते राहू दे. तुमच्या निकषावरच बोलते.

अंगण कायम तसंच राहत नाही, त्याचा मालक म्हातारा होतो. फेडररचा जन्म ऑगस्ट १९८१ चा, जोकोविचचा मे १९८७ चा. पावणेसहा वर्षांचं अंतर आहे. २०१४ च्या फायनलला फेडरर ३३ व्या वाढदिवसाच्या तोंडावर होता, २०१९ ला ३८ व्या. २०१० संपलं तेव्हा त्या दोघांतल्या लढती फेडररच्या बाजूने १३-६ होत्या. शेवटी त्या २३-२७ झाल्या. म्हणजे तिशीच्या आसपासपासून पुढचे बहुतेक सामने गेले. हे आकडे आपण 'आमनेसामने' म्हणून एका ओळीत लिहितो आणि वय गाळून टाकतो.

आता २०१९. तो सामना मी पुन्हा पुन्हा बघितलाय आणि तेवढ्या दोन पॉइंटांना अजूनही छातीत धस्स होतं. पाचवा सेट, ८-७, सर्व्हिस फेडररची, ४०-१५. सगळं सेंटर कोर्ट उभं राहायच्या बेतात. पहिल्या चॅम्पियनशिप पॉइंटला त्याचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्याला तो फोरहँड मारून नेटकडे धावला. चेंडू पुरेसा खोल नव्हता, पुरेसा कोपऱ्यातही नव्हता. जोकोविचने क्रॉसकोर्ट फोरहँड मारून त्याला पार केलं. तिथून १२-१२ आणि टायब्रेकर.

पूर्ण सामन्यात फेडररने २१८ पॉइंट जिंकले, जोकोविचने २०४. जवळजवळ ३८ वर्षांच्या माणसाने पाच तासांच्या लढतीत १४ पॉइंट जास्त घेतले आणि तो हरला. मी निकाल नाकारत नाही. पण 'दुसऱ्याच्या घरात शिरून जिंकला' म्हणताना घरमालक त्या दिवशी कसा खेळला हेही लिहा.

आणि एक गोष्ट कुठल्याच यादीत येत नाही. १५२६ एकेरी सामने खेळून या माणसाने एकही सामना अर्धवट सोडला नाही. पाठ दुखत असताना, गुडघा गेलेला असताना, एकदाही नाही.

आकडेमोड

वयाचा मुद्दा बरोबर आहे, पण तो दोन्ही बाजूंनी लावावा लागेल. २००७ संपलं तेव्हा फेडररकडे १२ ग्रँड स्लॅम होती. तेव्हा जोकोविच वीस वर्षांचा होता आणि त्याच्याकडे एकही नव्हतं. फेडररच्या ऐन भरात समोर पूर्ण तयार झालेला जोकोविच नव्हता. नदाल होता, पण तो मुख्यतः मातीवर. १३-६ मध्ये जोकोविचचं कोवळं वय आहे, नंतरच्या आकड्यांत फेडररचं उतारवय. एक लिहून दुसरं गाळता येणार नाही.

२१८-२०४ बद्दल. टेनिसमध्ये सगळे पॉइंट सारख्या वजनाचे नसतात, हे फेडररनेच सगळ्यांत छान सांगितलंय. २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात तो म्हणाला की मी जवळजवळ ८० टक्के सामने जिंकलो, पण पॉइंट फक्त ५४ टक्के. या खेळाचं सगळं गणित त्या दोन आकड्यांत आहे. ५४ चे ८० कसे होतात? कोणते पॉइंट घ्यायचे हे ज्याला कळतं त्याचे होतात. त्या फायनलमध्ये तीन टायब्रेकर झाले आणि तिन्ही जोकोविचने घेतले. ते नशीब नव्हे. टायब्रेकरमध्ये तो फुकट पॉइंट द्यायचं जवळपास बंद करतो, समोरच्याला प्रत्येक पॉइंट कमवावा लागतो.

बाकी माझं मत सरळ आहे. क्रमवारीत पहिल्या नंबरवर जोकोविच ४२८ आठवडे, फेडरर ३१०, नदाल २०९. ग्रँड स्लॅमनंतरच्या मोठ्या नऊ मास्टर्स स्पर्धा जोकोविचने प्रत्येकी किमान दोनदा जिंकल्यात, फेडरर आणि नदालला त्या नऊच्या नऊ एकदाही जमल्या नाहीत. २०१५ च्या विम्बल्डनपासून २०१६ च्या फ्रेंच ओपनपर्यंत चारही ग्रँड स्लॅम एकाच वेळी त्याच्याकडे होती. पुरुषांत १९६९ नंतर हे दुसऱ्या कुणी केलेलं नाही. अंगणाचा निकष न लावताही उत्तर तेच येतं.

लाल_माती

सगळी चर्चा फेडरर आणि जोकोविचच्या भोवती फिरतेय आणि नदालला 'मातीचा राजा' म्हणून कोपऱ्यात बसवलंय. हे दर वेळी होतं.

धागाकर्त्यांनी अंगणं तीनच धरली. न्यूयॉर्क, म्हणजे अमेरिकन ओपन, सोडून दिलं. तिथे हार्ड कोर्टवर, जोकोविचच्या आवडीच्या पृष्ठभागावर, नदालने त्याला दोन फायनलमध्ये हरवलं, २०१० आणि २०१३. मेलबर्नला २००९ च्या फायनलमध्ये त्याने फेडररला पाच सेटमध्ये हरवलं, तेही उपांत्य फेरीत व्हर्डास्कोशी ५ तास १४ मिनिटं झुंजून, मध्ये एकच दिवस विश्रांती घेऊन. ग्रँड स्लॅममध्ये नदाल विरुद्ध जोकोविच ११-७, नदाल विरुद्ध फेडरर १०-४. सर्वांत मोठ्या मंचावर दोघांवरही त्याची आघाडी आहे.

हो, त्यातले पुष्कळ सामने पॅरिसचे, हे माहीत आहे मला. पण मातीवर जिंकणं हे कमी प्रतीचं जिंकणं का समजायचं? मातीवर फुकटचे पॉइंट मिळत नाहीत. सर्व्हिस परत येते, पुन्हा येते, पॉइंट विटेवर वीट रचून बांधावा लागतो.

२०१३ ची पॅरिसची उपांत्य फेरी आठवा. पाचव्या सेटमध्ये जोकोविच ४-२ ने पुढे होता. ४-३ वर, ड्यूसला (गेममध्ये ४०-४० अशी बरोबरी असताना), त्याने नेटजवळ सोपा स्मॅश मारला, पॉइंट त्याचाच होता. पण झेप आवरली नाही आणि चेंडू दुसऱ्यांदा टप्पा घेण्याआधी तो नेटला लागला. पॉइंट नदालला. पुढे सेट ९-७ ने नदालचा. हा अंगणाचा दबाव. त्या कोर्टवर समोर नदाल असला की पॉइंट संपला असं वाटायचंच नाही, म्हणून माणूस जास्तीचं एक पाऊल पुढे जायचा.

आणि २०२२. पायाच्या जुन्या दुखण्याने आधीचं अर्धं वर्ष वाया गेलेलं. मेलबर्नच्या फायनलमध्ये मेदवेदेवविरुद्ध पहिले दोन सेट गमावून तो ५ तास २४ मिनिटांत जिंकला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये पायाच्या नसा इंजेक्शनने बधिर करून खेळला आणि १४ वं विजेतेपद घेतलं. एकाच स्पर्धेत १४. सॅम्प्रसची चारही स्पर्धांतली मिळून होती तेवढी.

माझं मत नदाल. आणि मी ते आकडे बघूनच सांगतोय, प्रेमापोटी नाही. प्रेमही आहे, ते लपवत नाही.

हिरवळ

@लाल_माती, १४ च्या तुलनेवर काही बोलताच येत नाही. खरंच.

पण आमनेसामनेचा एक तपशील सांगते. फेडरर-नदाल एकूण १६-२४. त्याचे तुकडे पाडा: मातीवर २-१४, हार्ड कोर्टवर ११-९, हिरवळीवर ३-१. मातीवरचे इतके सामने झाले कारण फेडरर मातीवरही फायनलपर्यंत पोचत राहिला. सॅम्प्रस फ्रेंच ओपनची फायनल कधी खेळलाच नाही, म्हणून त्याच्या नावावर असे पराभव नाहीत. नदालच्या काळात मातीवरचा दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू असल्याची किंमत फेडररने आमनेसामनेच्या रकान्यात भरली.

पासिंग_शॉट

@हिरवळ, हा तपशील पटला. माझ्या निकषात हा दोष आहे. दुसऱ्याच्या अंगणापर्यंत जो पोचतच नाही त्याच्या नावावर पराभव पडत नाही, आणि जो पोचतो त्याच्यावर पडतो. जोकोविच-नदालचंही तसंच: मातीवर ९-२०, हार्ड कोर्टवर २०-७, हिरवळीवर २-२. पृष्ठभाग बदलला की निकाल उलटा.

@लाल_माती, न्यूयॉर्क मी मुद्दाम टाळलं नाही. ते कुणा एकाचं अंगण वाटत नाही म्हणून घेतलं नाही. २०१० आणि २०१३ चं वजन मान्य.

गटिंगवाला

मी रॅकेटचं गटिंग करतो, म्हणजे तारा बांधतो, रोज. त्यामुळे हा वाद मला थोडा वेगळ्या बाजूने दिसतो. तुम्ही अंगणं म्हणताय, पण या तिघांच्या काळात अंगणांमधल्या भिंतीच खाली आल्या होत्या.

पहिली गोष्ट तार. जुनी नॅचरल गट, म्हणजे गाईच्या आतड्याची तार, मऊ असते, चेंडूला जोर देते आणि संपत आली की धाग्यासारखी विसविसते. पॉलिएस्टर तार कडक, गुळगुळीत. गटिंग झाल्यावर उभी तार अंगठ्याने बाजूला ढकलून बघा. पॉलिएस्टर आडव्या तारेवरून सरकते आणि अंगठा काढताच टुणकन जागेवर येते. तीच कृती चेंडू लागताना घडते, आणि जागेवर येणारी तार चेंडूला जास्तीची फिरकी देते. १९९७ मध्ये गुस्तावो कुएर्तेन ही तार घेऊन फ्रेंच ओपन जिंकला आणि पुढच्या काही वर्षांत सगळा दौरा तिच्याकडे वळला. आता पूर्ण ताकदीने मारलेला चेंडूही फिरकीमुळे लाइनीच्या आत पडू लागला. नेटकडे धावत येणाऱ्याच्या पायाशी चेंडू बुडवता येऊ लागला. सर्व्ह अँड व्हॉलीचा, म्हणजे सर्व्हिस करून लगेच नेटवर धावण्याच्या शैलीचा, जीव त्याने गेला.

सॅम्प्रस लहान डोक्याच्या रॅकेटवर अतिशय ताणून बांधलेली नॅचरल गट वापरायचा. फेडरर आणि जोकोविचने दोन्हींचा मेळ घातला, उभी गट आणि आडवी पॉलिएस्टर. नदालची पूर्ण पॉलिएस्टर. त्याच्या फोरहँडचा चेंडू समोरच्याच्या खांद्यापर्यंत उसळायचा तो मनगटाने आणि खांद्याने, पण तारेशिवाय तो तसा उसळला नसता.

दुसरी गोष्ट हिरवळ. विम्बल्डनने २००१ मध्ये गवताचं मिश्रण बदलून शंभर टक्के रायग्रास केलं. जमीन जास्त कडक राहू लागली, उसळी वर आली. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेजवळ राहून, विम्बल्डन जिंकता येऊ लागलं. २००१ ची फायनल इव्हानिसेविच आणि राफ्टर यांची, दोघेही नेटवर धावणारे. २००२ ची ह्युइट आणि नालबांदियान यांची, दोघेही बेसलाइनवरचे. एका वर्षात एवढा फरक फक्त गवताने पडला असं म्हणणार नाही, पण दिशा दिसते.

त्याआधी पॅरिसचा विजेता विम्बल्डनला चाचपडायचा आणि विम्बल्डनचा पॅरिसला. म्हणून तिघांनीही चारही ग्रँड स्लॅम जिंकली याचं कौतुक करताना हे लक्षात ठेवा. आणि म्हणूनच मला बिअर्न बोर्ग फार मोठा वाटतो. लाकडी रॅकेट, पॉलिएस्टर नाही, जुनं गवत, आणि १९७८, १९७९, १९८० अशी सलग तीन वर्षं काही आठवड्यांच्या अंतराने पॅरिस आणि विम्बल्डन दोन्ही जिंकली. बेसलाइनवरचा माणूस विम्बल्डनला पहिली सर्व्हिस टाकून नेटवर जायला शिकला. दुसऱ्याच्या अंगणात जाण्याचं याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

जुना_प्रेक्षक

गटिंगवाले, तुमचा प्रतिसाद जपून ठेवतोय. त्याला माझी थोडी भर.

बोर्गची ११ ग्रँड स्लॅम आज कमी दिसतात, कारण आपण चारांपैकी मोजतो. तो ऑस्ट्रेलियन ओपन सगळ्या कारकिर्दीत एकदाच खेळला, १९७४ मध्ये. तेव्हा ती स्पर्धा वर्षाच्या अगदी काठावर व्हायची, प्रवास लांबचा, बक्षीस कमी, आणि मोठे खेळाडू सरळ टाळायचे. ग्रँड स्लॅमची बेरीज हा मोठेपणाचा मापदंड आहे हे त्या काळी कुणाच्या डोक्यातही नव्हतं. ज्या परीक्षेला माणूस बसलाच नाही तिचे गुण आपण त्याला शून्य देतो. अमेरिकन ओपन मात्र त्याला जमलं नाही, चार फायनल हरला, तेही सांगायला हवं.

आता रॉड लेव्हर. १९६२ मध्ये एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम. मग तो व्यावसायिक झाला आणि तेव्हाच्या नियमाने ग्रँड स्लॅमची दारं त्याला बंद झाली. १९६८ च्या फ्रेंच ओपनला खुलं युग सुरू झालं, म्हणजे व्यावसायिकांनाही दार उघडलं, तोवर २१ ग्रँड स्लॅम त्याच्याविना होऊन गेली होती. २४ ते २९ या वयातली वर्षं. परत आल्यावर १९६९ मध्ये पुन्हा चारही, एकाच वर्षात. एका वर्षात चार हे पुरुषांत त्याच्यानंतर आजतागायत कुणालाही जमलेलं नाही. जोकोविच २०२१ मध्ये तीन जिंकून न्यूयॉर्कच्या फायनलपर्यंत पोचला आणि तिथे मेदवेदेवकडून सरळ सेटमध्ये हरला. शेवटच्या सेटमध्ये खुर्चीवर बसून टॉवेलमध्ये तोंड खुपसून तो रडला. या एका गोष्टीचं ओझं किती असतं ते तेव्हा दिसलं.

लेव्हरच्या विरोधातले मुद्देही मांडतो. त्याच्या काळी चारांपैकी तीन ग्रँड स्लॅम हिरवळीवर होती, म्हणजे शिकायचे पृष्ठभाग दोनच. आणि १९६२ च्या विजयाच्या वेळी सर्वोत्तम व्यावसायिक त्या स्पर्धांत नव्हतेच, पांचो गोन्झालेस नव्हता, केन रोझवॉल नव्हता. व्यावसायिकांत गेल्यावर सुरुवातीला रोझवॉलने त्याला चांगलाच रगडला. पण १९६९ ला सगळे होते. रोझवॉल तर १९७४ मध्ये, ३९ व्या वर्षी, विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन दोन्हीच्या फायनलला पोचला होता. अशा माणसांना हरवून लेव्हरने ती चार घेतली.

माझं उत्तर लेव्हर. निदान त्याचं नाव न घेता 'सर्वकालीन' हा शब्द वापरू नये.

आकडेमोड

लेव्हरबद्दल एकच शंका. २१ हुकली म्हणून त्यातली किती धरायची? दहा धरली तरी आपण न खेळलेले सामने मोजतोय. नदाल दुखापतींमुळे कितीतरी स्पर्धांना मुकला. जोकोविच २०२२ मध्ये लसीच्या प्रश्नावरून ऑस्ट्रेलियातून परत पाठवला गेला. न झालेल्या सामन्यांचं दार उघडलं की ते बंद करता येत नाही.

जुना_प्रेक्षक

@आकडेमोड, आकडा वाढवून द्या असं मी म्हणतच नाही. लेव्हरचं ११ चं ११ राहू दे. मी एवढंच म्हणतो की ११ आणि २४ एकाच तागडीत टाकू नका. दुखापत किंवा स्वतः घेतलेला निर्णय वेगळा आणि सगळ्या व्यावसायिकांना नियमानेच बाहेर ठेवणं वेगळं.

नेटजवळ

सगळे प्रतिसाद शांतपणे वाचले. आता एक विचारते. 'टेनिसमधला सर्वश्रेष्ठ' या शीर्षकाखाली इतकी चर्चा झाली आणि एकाही बाईचं नाव नाही. धागाकर्त्यांचा निकष मला आवडला, म्हणूनच तो इथे लावून बघा. जास्त चांगला लागू पडतो.

मार्टिना नवरातिलोव्हा आणि ख्रिस एव्हर्ट. ८० सामने, ४३-३७. तीन पुरुषांपैकी कुठल्याही जोडीने इतके सामने खेळलेले नाहीत. एव्हर्टचं अंगण माती. १९७३ ते १९७९ या काळात ती मातीवर सलग १२५ सामने जिंकली होती, फ्रेंच ओपन सात वेळा. मार्टिनाचं अंगण विम्बल्डन, नऊ विजेतेपदं. १९८४ ला मार्टिनाने पॅरिसच्या फायनलमध्ये एव्हर्टला ६-३, ६-१ असं हरवलं. मातीवर, एव्हर्टला, फक्त चार गेम दिले. अशा पराभवानंतर तिशीला आलेल्या माणसाने हार मानली असती. एव्हर्ट पुढच्या वर्षी परत आली आणि त्याच फायनलमध्ये तिसरा सेट ७-५ घेऊन जिंकली, १९८६ लाही जिंकली. आपलं अंगण परत मिळवलं. आणि १९७४ ते १९८६ अशी सलग १३ वर्षं, दर वर्षी किमान एक ग्रँड स्लॅम.

मार्टिनाच्या बाबतीत आणखी एक. एकेरीत १८, महिला दुहेरीत ३१, मिश्रमध्ये १०, एकूण ५९. १९८३ मध्ये ८६ विजय आणि एक पराभव. दुहेरीला तुम्ही कुणीच मोजत नाही. सर्व्हिस, परतीचा फटका, व्हॉली, कोन, यातलं दुहेरीत काय लागत नाही?

आता श्टेफी ग्राफ. इथे पासिंग_शॉट यांचा निकषच थांबतो, कारण तिचं अंगण कोणतं ते सांगता येत नाही. मेलबर्न ४, पॅरिस ६, विम्बल्डन ७, न्यूयॉर्क ५. प्रत्येक ग्रँड स्लॅम किमान चार वेळा, हे दुसऱ्या कुणालाही, पुरुषांत किंवा बायकांत, साधलेलं नाही. १९८८ ला एका वर्षात चारही आणि वर ऑलिंपिक सुवर्ण. पहिल्या नंबरवर ३७७ आठवडे. जी चारही घरांत सारखीच वावरते तिला दुसऱ्याचं घर कोणतं?

सेरेनाची २३ आहेत, आणि २०१७ चं मेलबर्न तिने पोटात बाळ असताना जिंकलं. आई झाल्यावर चार फायनल खेळली, चारही हरली. ते पराभव तिच्या विरोधात धरणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. मार्गारेट कोर्टची २४ जोकोविचच्या बरोबरीची, पण त्यातली ११ ऑस्ट्रेलियातली, जेव्हा तिथे बाहेरचे फारसे कुणी जात नव्हते. जुना_प्रेक्षक यांचा बोर्गबद्दलचा मुद्दा इथे उलट बाजूने लागतो.

माझं उत्तर ग्राफ. मात्र ते देताना मनात एक खडा टोचत राहतो, त्याचं नाव मोनिका सेलेस.

पासिंग_शॉट

@नेटजवळ, चूक कबूल. मी विचार करतानाच तिघांपुरता केला आणि शीर्षक मात्र सगळ्या टेनिसचं दिलं. संपादन करता येईल तेव्हा शीर्षक बदलतो.

ग्राफचा मुद्दा माझ्या निकषाला सर्वांत जड गेला. मी 'दुसऱ्याच्या घरात जिंकणं' मोजत होतो, पण त्यासाठी आधी घरं वाटलेली लागतात. गटिंगवाल्यांनी म्हटलं की तिघांच्या काळात भिंती खाली आल्या. ग्राफच्या वेळी त्या उभ्या होत्या. विम्बल्डनचं गवत जुनंच होतं, ऑस्ट्रेलियन ओपन त्याच १९८८ साली हिरवळीवरून हार्ड कोर्टवर आली होती आणि तिने ती पहिल्याच फटक्यात जिंकली.

तिघांपुरतं माझं मत कायम आहे, जोकोविच. सर्वकालीन म्हणाल तर मी आता गप्प बसतो, निदान लेव्हर आणि ग्राफ यांचं नीट पाहून होईपर्यंत. सेलेसबद्दल मात्र तुम्हीच सविस्तर लिहा.

लाल_माती

नदालचं मत मीही बदलत नाहीये. पण ग्राफची ४, ६, ७, ५ ही ओळ मी पहिल्यांदाच अशी एकत्र वाचली. नदालची २, १४, २, ४. दोन्ही बेरजा २२. बराच वेळ बघत बसलो.

नेटजवळ

@पासिंग_शॉट, लिहिते.

३० एप्रिल १९९३, हॅम्बर्ग. सामन्याच्या मधल्या विश्रांतीत सेलेस खुर्चीवर बसली होती. प्रेक्षकांतून एक माणूस मागून आला आणि त्याने तिच्या पाठीत सुरा खुपसला. तो ग्राफचा चाहता होता, ग्राफ पुन्हा पहिल्या नंबरवर यावी म्हणून त्याने हे केलं. सेलेस १९ वर्षांची होती आणि तिच्याकडे ८ ग्रँड स्लॅम होती. ती दोन वर्षांहून जास्त काळ कोर्टवर आली नाही. परतल्यावर आणखी एकच जिंकली, १९९६ चं मेलबर्न. यात ग्राफचा काडीचाही दोष नाही. पण तिच्या २२ पैकी ११ त्या दिवसानंतरची आहेत.

तुमच्या अंगणांच्या भाषेत, त्या दिवसापर्यंतची स्थिती अशी होती: पॅरिस सलग तीन वर्षं सेलेसचं, मेलबर्न सलग तीन वर्षं सेलेसचं, न्यूयॉर्क सलग दोन वर्षं सेलेसचं. ग्राफकडे विम्बल्डन उरलं होतं, आणि १९९२ च्या फायनलमध्ये तिथे तिने सेलेसला ६-२, ६-१ असं हरवलं होतं. त्याच्या महिनाभर आधी पॅरिसच्या फायनलमध्ये सेलेस जिंकली होती, ६-२, ३-६, १०-८. दोन्ही हातांनी फोरहँड, दोन्ही हातांनी बॅकहँड, चेंडू वर चढत असतानाच मारलेला, आणि समोर ग्राफचा तो फोरहँड. आधी तो तिसरा सेट बघा, मग बोलू.

हिरवळ

आज रात्री तोच बघतेय.